पुण्यश्लोक अहल्याबाईंचा दानधर्म

आपल्या हिमायतनगरचे नाव ज्यांच्यावरून पडले ते हिमायत अली खान म्हणजे हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ चिरंजीव होत. येथून फार दूर नसलेल्या निलोफर रुग्णालयाला त्याच घराण्यातील धाकट्या सुनेचे नाव आहे. ते राज्य १९४८ साली संपले. परंतु स्त्रिया आणि लहान मुले आजही औषधपाण्यासाठी त्या रुग्णालयाची पायरी चढतात. राजे जातात, राज्ये जातात, किल्ल्यांवर गवत उगवते. मागे उरते ते त्यांच्या हातून झालेले लोकोपयोगी कार्य. मात्र तेही सगळेच उरते असे नाही. ज्याच्या निर्वाहाची तजवीज कर्त्याने करून ठेवलेली असते, तेच पुष्कळ काळ टिकते. या गोष्टीचे सर्वांत थोर उदाहरण आपल्या मराठी मुलखाने दिले आहे. ते म्हणजे पुण्यश्लोक अहल्याबाई होळकर. त्यांच्या जन्माला २०२५ साली तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या चरित्राचे यथामती स्मरण करावे, एवढाच या अल्पशा लेखाचा हेतू आहे.

अहल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून आज ज्या जिल्ह्यात ते मोडते त्या जिल्ह्यालाही अहिल्यानगर हेच नाव देण्यात आले आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. घर खाऊनपिऊन सुखी, पण राजवैभवाशी त्याचा काही संबंध नव्हता. मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नसलेल्या त्या काळात माणकोजींनी आपल्या मुलीस लिहावयास वाचावयास शिकविले. परंपरा असे सांगते की, थोरल्या बाजीराव पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर यांचा मुक्काम चौंडीस पडला असता देवळात दर्शनाला आलेली ही आठ वर्षांची मुलगी त्यांच्या नजरेस पडली आणि तिची वागणूक पाहून त्यांनी तिला सून करून घेण्याचे ठरविले. सन १७३३ मध्ये मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी अहल्याबाईंचा विवाह झाला.

मल्हारराव हे स्वतः होळ गावच्या साध्या धनगर कुळातून स्वपराक्रमाने वर आलेले पुरुष. माणसाची पारख त्यांना उत्तम होती. पुत्राचे चित्त राज्यकारभारात फारसे रमत नाही आणि सुनेचे मात्र रमते, हे त्यांनी लवकरच ओळखले. वसुलाचे हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची रसद ही कामे हळूहळू सुनेच्या हाती येऊ लागली. सन १७६५ मधील मल्हाररावांच्या पत्रांतून तोफखाना आणि दारूगोळ्याच्या सिद्धतेविषयी त्यांनी सुनेला केलेल्या सूचना आढळतात. स्वयंपाकघर आणि देवघर एवढेच ज्यांचे जग मानले जाई, त्यांतील एका स्त्रीकडे हे काम सोपविण्यात सासऱ्याचा विश्वासही दिसतो आणि सुनेची योग्यताही.

परंतु दैव या कुटुंबावर प्रसन्न नव्हते. मार्च १७५४ मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला असता खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहल्याबाई त्या वेळी अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी सती जाण्याची तयारी केली. वृद्ध मल्हाररावांनी डोळ्यांत पाणी आणून त्यांना परावृत्त केले. आता पुत्राच्या जागी तूच, अशी त्यांची विनवणी होती. अहल्याबाईंनी सासऱ्याचा शब्द मानला. पुढची एक्केचाळीस वर्षे त्यांनी पांढरे वस्त्र नेसून, आपले आयुष्य म्हणजे कोणाची तरी ठेव आहे, अशा वृत्तीने काढली.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले. अहल्याबाईंचे पुत्र मालेराव यांना सरदारीची वस्त्रे मिळाली. पण वर्ष पुरे होण्यापूर्वीच, सन १७६७ मध्ये, तेही गेले. घरात पुरुष वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला आणि राघोबादादांना फौजेसह माळव्यात बोलाविले. बाईंनी दत्तकाची सूचना स्पष्टपणे नाकारली. एका राजाची पत्नी आणि दुसऱ्याची माता या नात्याने वारस निवडण्याचा अधिकार आपला आहे, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी लढाईची सिद्धता केली, इतर मराठा सरदारांना पत्रे पाठविली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे आपले म्हणणे मांडले. स्त्रीशी लढून जिंकले तर कीर्ती नाही आणि हरले तर अपकीर्तीला पार नाही, असा निरोप त्यांनी दादांना धाडल्याचे परंपरा सांगते. माधवरावांनी बाईंची बाजू उचलून धरली आणि रक्ताचा थेंब न सांडता तो प्रसंग टळला. फौजेचे आधिपत्य त्यांनी तुकोजी होळकर या अनुभवी सेनानीकडे दिले आणि मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला. राहण्यासाठी त्यांनी नर्मदातीरावरील महेश्वर निवडले.

येथून पुढे अठ्ठावीस वर्षे चाललेला त्यांचा दिनक्रम सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवला आहे. बाईंच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी माळव्यातील वृद्धांना विचारून त्याने ही माहिती मिळविली. होळकरांच्या फौजेविरुद्ध स्वतः लढलेल्या या माणसाला त्यांची स्तुती करण्याचे काही कारण नव्हते. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे. बाई सूर्योदयापूर्वी उठत, स्नानपूजा करीत, पुराणश्रवण करीत, दानधर्म आणि अन्नदान आटोपून मग स्वतः साधे शाकाहारी भोजन घेत. थोड्या विश्रांतीनंतर दुपारी त्या दरबारात बसत त्या सायंकाळपर्यंत. संध्याकाळच्या पूजेनंतर रात्री पुन्हा कामास आरंभ होई आणि ते बऱ्याच रात्रीपर्यंत चाले. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत. कोणाही रयतेला समक्ष भेटून गाऱ्हाणे सांगता येत असे. पंचायतीचे निवाडे त्या मान्य करीत, पण तक्रार आली तर क्षुल्लक बाबीतही स्वतः लक्ष घालीत.

त्यांच्या न्यायाची एक खूण विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निपुत्रिक सावकार मरण पावला की त्याचे धन सरकारजमा करावे किंवा दत्तकाची परवानगी देताना मोठा नजराणा उकळावा, अशी त्या काळची रीत होती. बाईंनी ती आपल्यापुरती बंद केली. विधवेचे धन विधवेचेच, तिने ते भोगावे, दत्तक घ्यावा अथवा धर्मकार्यास लावावे, असे त्यांचे धोरण होते. स्वतः वैधव्य भोगलेल्या स्त्रीने दुसऱ्या विधवेचे दुःख असे जाणले. डोंगरांतील भिल्ल वाटसरूंना लुटत. त्यांचा बंदोबस्त करताना बाईंनी केवळ शिक्षेवर भर दिला नाही. प्रवाशांकडून ठरावीक अल्प कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क, ज्याला भिलकवडी म्हणत, तो मान्य केला, कसण्यास जमिनी दिल्या आणि त्याबदली वाटसरूंच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली.

आता त्यांच्या दानधर्माकडे वळू. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर सन १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले होते. ते पुन्हा उभारावे असा मल्हाररावांचा मनोदय होता, पण तो तडीस गेला नाही. सुनेने नवी लढाई न मांडता जवळच्याच जागेत सन १७८० च्या सुमारास मंदिर बांधले. आज कोट्यवधी भाविक ज्या गाभाऱ्यात दर्शन घेतात तो बाईंचाच. गंगेवरील मणिकर्णिका घाटाचेही बांधकाम त्यांनी केले. प्रभासपट्टण येथे सोमनाथाच्या भग्न मंदिराजवळ त्यांनी सन १७८३ मध्ये निराळे देवालय उभारले. १९५१ साली नवे मोठे मंदिर झाले, तरी बाईंच्या देवळात पूजा चालूच आहे. गयेचे विष्णुपद मंदिर सन १७८७ चे. बदरी-केदारापासून रामेश्वरापर्यंत आणि द्वारकेपासून जगन्नाथपुरीपर्यंत कोठे देऊळ, कोठे धर्मशाळा, कोठे घाट, कोठे विहीर, कोठे अन्नछत्र अशी त्यांची कामे पसरली.

आपल्यापैकी बहुतेक मराठी कुटुंबांचे मूळ गाव मराठवाड्यात आहे. तो प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या मुलखातील परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार बाईंनी केला. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या कार्यात त्यांच्या सासूबाई गौतमाबाई आणि स्वतः अहल्याबाई या दोघींचा हात होता. सुटीत गावाकडे जाताना आपण ज्या देवळांत माथा टेकतो, त्यांचे दगड कोणाच्या पुण्याईने रचले गेले, याची आठवण आपल्या मुलाबाळांना अवश्य करून द्यावी.

या सर्वांत ध्यानात घेण्याजोगी पहिली गोष्ट अशी की, यांतील बहुतेक स्थळे होळकरांच्या राज्याबाहेरची होती. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर येथून होळकरांच्या खजिन्यात एक पैचाही वसूल येत नव्हता. राजा आपल्या मुलखात तलाव बांधतो त्यात थोडा स्वार्थही असतो. शेत पिकले की सारा वाढतो. परमुलखात बांधलेल्या घाटावर स्नान करणारा मनुष्य कोणाची रयत आहे, हे बाईंनी विचारले नाही. त्यामुळेच परक्या राज्यांतूनही त्यांच्या कामाला अडथळा झाला नाही. हैदराबादचे निजाम आणि म्हैसूरचा टिपू सुलतान हेही बाईंविषयी पेशव्यांइतकाच आदर बाळगीत, असे माल्कमने लिहून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. हा खर्च दौलतीच्या तिजोरीतून होत नसे. होळकर घराण्यातील स्त्रियांसाठी खासगी नावाचे स्वतंत्र उत्पन्न नेमून दिलेले होते. गौतमाबाईंच्या मृत्यूनंतर, सन १७६१ पासून, त्याचा कारभार अहल्याबाईंकडे आला. फौजेचा आणि मुलकाचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. दानधर्म चालावयाचा तो खासगीतून. रयतेच्या साऱ्यातून दान करून स्वतःच्या नावे पुण्य जोडणे त्यांना रुचले नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती देवस्थानांशी संबंध असलेल्या प्रत्येकाने समजून घेतली पाहिजे. बाईंनी केवळ इमारती बांधल्या नाहीत. कित्येक ठिकाणी पूजेसाठी नेमणूक, नंदादीपासाठी तेल, नैवेद्यासाठी शिधा, अन्नछत्रासाठी कायमचे उत्पन्न लावून दिले. दूरच्या देवस्थानांना दरसाल ठरावीक देणगी जाई. दक्षिणेतील अनेक देवांना स्नानासाठी गंगोदकाच्या कावडी नियमाने पोहोचविल्या जात आणि त्यांचा खर्च महेश्वरहून होई. माझ्यासारख्या पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलास याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कळस चढविण्याच्या दिवशी गावचे गाव लोटते, देणग्यांच्या पावत्या फाटतात; पण श्रावण सरून भाद्रपदही सरला की समईत तेल कोणी घालावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. हजारो कोसांवरच्या देवळातील त्या समईची काळजी बाईंनी महेश्वरात बसून केली.

आणि त्यांचे दान केवळ देवळांपुरते नव्हते. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया आणि हिवाळ्यात गोरगरिबांना कपडे त्या देत. नांगर ओढणाऱ्या बैलांना शेतात जाऊन पाणी पाजण्यासाठी त्यांची माणसे नेमलेली असत. पाखरांना शेतकरी हुसकावतो, म्हणून काही उभी शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी ठेवीत. नर्मदेतील माशांनाही रोज दाणा पडे. महेश्वरात त्यांनी विणकरांना आश्रय दिला. महेश्वरी लुगड्याचा लौकिक आजपर्यंत टिकून आहे तो त्यामुळे. भुकेल्याला अन्न देणे हे पुण्य, तसेच विणकराच्या हाताला काम देणे हेही पुण्यच.

स्तुतीचा मोह त्यांना शिवला नाही. एका ब्राह्मणाने त्यांच्या गौरवाचा ग्रंथ लिहून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण इतक्या स्तुतीस पात्र नसल्याचे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत सोडून देण्याची आज्ञा केली.

इतक्या सत्कृत्यांनंतर तरी त्यांच्या वाट्याला सुख यावे, असे कोणासही वाटेल. पण तसे झाले नाही. मुक्ताबाई हे त्यांचे एकुलते एक उरलेले अपत्य. तिचा तरुण पुत्र गेला आणि पाठोपाठ सन १७९१ मध्ये तिचे पती यशवंतराव फणसे निवर्तले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. ज्या प्रसंगातून सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने अहल्याबाईंना मागे आणले होते, तोच प्रसंग आता त्यांच्या पुढे उभा राहिला. त्यांनी मुलीची परोपरीने मनधरणी केली, पण उपयोग झाला नाही. मल्हाररावांची विनवणी फळाला आली होती. अहल्याबाईंची आली नाही. हजारोंची गाऱ्हाणी दूर करणाऱ्या या राणीला स्वतःच्या लेकीला चितेवरून परत आणता आले नाही. नर्मदेच्या तीरावर उभे राहून त्यांनी ते पाहिले, काही दिवस अन्नाला आणि बोलण्याला पारख्या झाल्या आणि मग पुन्हा दरबारात येऊन बसल्या. मुलीच्या स्मरणार्थ त्यांनी एक छत्री बांधली.

त्यांच्या दानधर्मावर आक्षेपही घेतला जातो. तुकोजींना मोहिमांसाठी पैशाची सतत ओढ असे आणि त्यावरून उभयतांत खटके उडत. सन १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेने होळकरांचा पराभव केला. हाच पैसा तोफा आणि पलटणींवर खर्च झाला असता तर, असे कित्येक म्हणतात. हा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. परंतु लाखेरीला दोन्ही बाजूंनी मराठेच लढत होते, हेही विसरता कामा नये. भाऊबंदकीत तोफा वाढवून काय साधले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी अहल्याबाईंनी देह ठेवला. दोन वर्षांनी तुकोजीही गेले आणि घरात कलह माजला. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचे सैन्य मोडले आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने त्यांचे स्वातंत्र्य संपले. उरलेले संस्थान १९४८ साली विलीन झाले. परंतु बाईंनी लावून दिलेली धर्मादायाची व्यवस्था त्यानंतरही राहिली. सन १९६२ मध्ये या देवस्थाने, घाट, धर्मशाळा यांचा कारभार पाहण्यासाठी खासगी न्यास स्थापन झाला. त्याच्याकडील मिळकतींची संख्या दोनशेहून अधिक आहे. त्यांतील काही मिळकतींच्या विक्रीवरून वाद उत्पन्न होऊन तो न्यायालयात गेला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सार्वजनिक न्यास असून मध्य प्रदेशाच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याची नोंदणी झाली पाहिजे, असा निर्णय दिला. दान देणारा कितीही दूरदर्शी असला, तरी त्या दानाची राखण प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते, हाच याचा अर्थ.

भाविक बंधुभगिनींनो, अहल्याबाईंएवढे दान आपल्यापैकी कोणाच्याही हातून होणार नाही. पण त्यांची रीत आपल्या ऐपतीबाहेरची नाही. आपल्या कष्टाच्या पैशातून द्यावे, आपल्या उंबऱ्याबाहेरच्या माणसालाही द्यावे, आणि जे दिले ते पुढच्या वर्षीही चालेल याची सोय पाहावी. देवळाच्या भिंतीवर नावाची फरशी बसविणारे पुष्कळ मिळतात. वर्षभराच्या तेलाचा भार उचलून नाव न सांगणारा एखादाच असतो. काशीच्या गाभाऱ्यात आज जो दिवा तेवत आहे, त्याची वात अडीच शतकांपूर्वी अशाच एका हाताने लावली होती. आपल्या देवळातील समईही तशाच हातांची वाट पाहत आहे.